‘नाळे बा’ आणि निद्रापक्षाघात : रात्रीच्या भयाची लोककथा व तिच्यामागचे शरीरशास्त्र

१९९०च्या दशकात बंगळूर शहरातील अनेक घरांच्या दारांवर आणि भिंतींवर कन्नडमधील दोन शब्द लिहिलेले आढळत असत : ‘नाळे बा’. या शब्दांचा अर्थ ‘उद्या ये’ असा होतो. रात्री एक चेटकीण वस्तीतून फिरते, दार ठोठावते आणि घरातील माणसांना त्यांच्याच नातलगाच्या आवाजात हाक मारते. जो दार उघडतो त्याचा मृत्यू ओढवतो, अशी वदंता त्या काळी शहरात पसरली होती. दारावरील शब्द वाचून ती परत फिरते, दुसऱ्या रात्री पुन्हा येते, पुन्हा तेच शब्द वाचते आणि अशा रीतीने तिची फेरी कायमची पुढे ढकलली जाते, असा समज होता. काही जण ती चेटकीण नसून आपल्या पतीच्या शोधात हिंडणारी नववधू आहे, असेही सांगत.

तेलुगू भाषक प्रदेशातही याच आशयाचे ‘ओ स्त्री रेपु रा’ हे शब्द भिंतींवर लिहिले जात. २०१८ साली प्रदर्शित झालेल्या ‘स्त्री’ या हिंदी चित्रपटामुळे ही कल्पना देशभर पोहोचली. चित्रपटाची कथा मध्य प्रदेशातील चंदेरी येथे घडते. तथापि दारावरील लेखनाची कल्पना दक्षिणेतील या वदंतेशी मिळतीजुळती आहे.

‘नाळे बा’ ही दाराबाहेरच्या भयाची कथा आहे. रात्री येणारे, माणसाला गाठणारे आणि युक्तीने थोपवता येणारे अमानवी अस्तित्व मात्र जगातील असंख्य समाजांना परिचित आहे. त्यांपैकी अनेक कथांमध्ये हे अस्तित्व दाराशी न थांबता थेट अंथरुणापर्यंत येते आणि झोपलेल्याच्या छातीवर बसते. या दुसऱ्या प्रकारच्या कथांच्या मुळाशी एक निश्चित शारीरिक अनुभव आहे. वैद्यकशास्त्रात त्याला ‘स्लीप पॅरालिसिस’ म्हणजे निद्रापक्षाघात असे म्हणतात.

अनुभवाचे स्वरूप

झोप लागत असताना किंवा झोपेतून जागे होत असताना माणसाला अचानक भान येते, परंतु हातपाय हलवता येत नाहीत. डोळे उघडता येतात, खोली दिसते, घड्याळाची टिकटिक ऐकू येते. मात्र ओरडावेसे वाटूनही तोंडातून शब्द फुटत नाही. ही अवस्था काही सेकंदांपासून काही मिनिटांपर्यंत टिकते आणि आपोआप संपते. कोणी स्पर्श केल्यास किंवा हाक मारल्यास ती बहुधा तत्काळ मोडते.

केवळ न हलता येणे एवढाच हा अनुभव असता, तर त्याभोवती एवढ्या कथा निर्माण झाल्या नसत्या. अनेकांना याच वेळी भास होतात. कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ जे. ॲलन चेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ साली या भासांचे तीन गट पाडले. पहिल्या गटात खोलीत कोणी परके शिरल्याची जाणीव, पावलांचा आवाज, सावली दिसणे यांचा समावेश होतो. दुसऱ्या गटात छातीवर भार, श्वास कोंडणे, गळा दाबला जाणे आणि मृत्यू समोर आल्याची भावना येते. तिसऱ्या गटात तरंगल्यासारखे, पडल्यासारखे किंवा शरीराबाहेर गेल्यासारखे वाटणे यांचा समावेश आहे. पहिले दोन गट पुष्कळदा एकत्र येतात. परका खोलीत शिरतो, जवळ येतो आणि छातीवर बसतो, हा क्रम म्हणूनच अनेक देशांतील कथांत सारखा दिसतो.

हा अनुभव दुर्मीळ नाही. ब्रायन शार्पलेस आणि जॅक बार्बर यांनी २०११ साली ३५ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. त्यांत ३६ हजारांहून अधिक व्यक्तींची माहिती होती. सर्वसाधारण लोकसंख्येत सुमारे ७.६ टक्के, तर विद्यार्थ्यांमध्ये सुमारे २८ टक्के व्यक्तींना आयुष्यात निदान एकदा हा अनुभव आल्याचे त्यात आढळले. याचा अर्थ वसतिगृहात राहणाऱ्या चार विद्यार्थ्यांपैकी एकाला तो आलेला असू शकतो. बहुतेक जण त्याविषयी कोणाशीही बोलत नाहीत.

झोपेत शरीरात काय घडते

शिकागो विद्यापीठातील युजीन ॲसेरिन्स्की आणि नथानिएल क्लाइटमन यांनी १९५३ साली झोपेतील एका वेगळ्या अवस्थेची नोंद केली. या अवस्थेत मिटलेल्या पापण्यांखाली डोळे वेगाने हलतात. तिला ‘रेम’ निद्रा असे नाव मिळाले. ठळक, घटनाप्रधान स्वप्ने प्रामुख्याने याच अवस्थेत पडतात. प्रौढ माणसाच्या झोपेचा सुमारे २० ते २५ टक्के भाग रेम निद्रेचा असतो. झोप लागल्यानंतर साधारण दीड तासाने ती प्रथम येते आणि पहाटेकडे तिचा कालावधी वाढत जातो.

स्वप्नात माणूस धावतो, झगडतो, उंचावरून उडी मारतो. परंतु अंथरुणातील शरीर शांत असते. याचे कारण असे की, रेम निद्रेत मेंदूच्या तळाशी असलेल्या मस्तिष्कस्तंभातून निघणारे संदेश स्नायूंना शिथिल करून ठेवतात. फ्रान्समधील लियों येथील शास्त्रज्ञ मिशेल जूव्हे यांनी मांजरांवरील प्रयोगांतून ही यंत्रणा दाखवून दिली. मस्तिष्कस्तंभाच्या विशिष्ट भागाला इजा केल्यावर ही मांजरे झोपेत असतानाच उठून जणू भक्ष्यावर झेप घेऊ लागली. स्नायूंची ही शिथिलता हा दोष नसून स्वप्नाच्या भरात शरीराला इजा होऊ नये यासाठीचे संरक्षण आहे. डोळ्यांचे स्नायू आणि श्वासपटल यांना मात्र त्यातून वगळलेले असते.

निद्रापक्षाघातात जाग आणि रेम निद्रा यांच्या सीमा एकमेकींत मिसळतात. भान परत येते, पण स्नायूंवरील बंधन सुटलेले नसते आणि स्वप्न निर्माण करणारी क्रियाही थांबलेली नसते. परिणामी प्रत्यक्ष खोलीच्या दृश्यावर स्वप्नातील प्रतिमा चढते. श्वासपटल काम करीत असल्याने श्वास चालू असतो. परंतु बरगड्यांमधील स्नायू शिथिल असल्यामुळे इच्छेनुसार खोल श्वास घेता येत नाही. घाबरलेला माणूस खोल श्वास घेऊ पाहतो, छाती साथ देत नाही आणि वर कोणी बसल्याची भावना बळावते. मेंदूतील भयाशी संबंधित केंद्रे रेम निद्रेत मुळातच सक्रिय असतात. त्यामुळे भीती अधिक तीव्र होते.

खोलीतील ‘परक्या’चेही काही प्रमाणात स्पष्टीकरण मिळाले आहे. स्वित्झर्लंडमधील ओलाफ ब्लँके आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली एका रुग्णेच्या मेंदूतील कानाच्या वरच्या-मागच्या भागाला सौम्य विद्युत चेतना दिली, तेव्हा तिला आपल्या मागे एक सावलीसारखी व्यक्ती असल्याची स्पष्ट जाणीव झाली. स्वतःच्या शरीराची जागा ओळखण्याचे काम करणाऱ्या या भागात गोंधळ झाला की, मेंदू स्वतःच्याच शरीराची जाणीव दुसऱ्या कोणाची म्हणून अनुभवू शकतो.

हाच अनुभव प्रयोगशाळेतही घडवून आणता आला आहे. जपानमधील तोमोका ताकेउची यांच्या गटाने १९९२ साली स्वयंसेवकांना रात्री मधूनच उठवून पुन्हा झोपू दिले. त्यांच्यापैकी काहींना झोप लागताच थेट रेम अवस्था आली आणि निद्रापक्षाघाताचा अनुभव आला. झोप खंडित होणे हे याचे महत्त्वाचे कारण असल्याचे त्यावरून दिसले.

नावे अनेक, अनुभव एक

या अनुभवाची वैद्यकीय नोंद बरीच जुनी आहे. डच वैद्य इसब्रँड व्हान डीमरब्रूक यांनी १६६४ साली एका पन्नास वर्षांच्या स्त्रीची हकिकत लिहून ठेवली आहे. दिवसा निरोगी असणाऱ्या या स्त्रीला रात्री कधी सैतान, कधी मोठा कुत्रा तर कधी चोर आपल्या छातीवर पडल्याचे जाणवे आणि तिला हलता येत नसे. हेन्री फ्यूझेली या चित्रकाराने १७८१ साली रंगविलेल्या ‘द नाइटमेअर’ या प्रसिद्ध चित्रातही निद्रिस्त स्त्रीच्या छातीवर बसलेले एक विद्रूप अस्तित्व दिसते. ‘स्लीप पॅरालिसिस’ हे नाव लंडनचे मेंदूविकारतज्ज्ञ एस. ए. किनियर विल्सन यांनी १९२८ साली रूढ केले.

लोकभाषांनी मात्र त्याला केव्हाच नावे दिली होती. बंगालीत ‘बोबाय धरा’ म्हणजे मुक्याने पकडणे असे म्हणतात. पीडिताची वाचा जाते, हे त्यातून सूचित होते. तमिळमध्ये ‘अमुक्कुवान पेय’ म्हणजे दाबणारे भूत. जपानमधील ‘कानाशिबारी’ या शब्दात धातूने जखडले जाण्याची कल्पना आहे. तुर्कस्तानात ‘काराबासान’ हा काळा दाबणारा आहे. कॅनडाच्या न्यूफाउंडलंड बेटावर छातीवर बसणाऱ्या म्हातारीला ‘ओल्ड हॅग’ म्हणतात. ब्राझीलमधील ‘पिसादेइरा’ ही लांब नखांची म्हातारी छपरावर दबा धरून बसते आणि पोटभर जेवून उताणे झोपलेल्यांच्या अंगावर उतरते. अमेरिकन लोकसाहित्य-अभ्यासक डेव्हिड हफर्ड यांनी १९८२ सालच्या आपल्या ग्रंथात एक महत्त्वाचा मुद्दा मांडला : ज्यांनी अशा कथा पूर्वी कधी ऐकल्या नव्हत्या, त्यांनीही तेच वर्णन केले. कथेतून अनुभव निर्माण होतो असे नसून, अनुभव आधी येतो आणि समाज त्याला नाव देतो, असा त्याचा आशय आहे.

महाराष्ट्रात या अनुभवाचे वर्णन ‘छातीवर कोणीतरी बसले’, ‘भुताने दाबले’ अशा शब्दांत केले जाते. त्याचा कर्ता कोण, हे स्थानिक समजुतीवर ठरते. पिंपळावरचा मुंजा, हडळ, जखीण, खवीस, समंध अशी भुतांची मोठी परंपरा मराठी लोकमानसात आहे. उशाखाली लोखंडाची वस्तू ठेवणे, मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढणे, अंगारा लावणे, निजण्यापूर्वी रामरक्षा किंवा मारुतिस्तोत्र म्हणणे हे त्यावरचे परिचित उपाय आहेत. वाईट स्वप्नांपासून रक्षण मागणारी सूक्ते अथर्ववेदातही आढळतात.

या उपायांची तुलना केली असता ‘नाळे बा’चे वैशिष्ट्य ध्यानात येते. इटलीच्या अब्रुत्सो प्रांतात ‘पांदाफेके’ नावाची चेटकीण झोपलेल्यांना दाबते, असे मानले जाते. तिला अडवण्यासाठी दाराशी झाडू किंवा अंथरुणाजवळ वाळूचा ढीग ठेवतात. झाडूच्या काड्या किंवा वाळूचे कण मोजता मोजता उजाडते आणि तिची वेळ टळते. ईशान्य थायलंडमध्ये १९९० साली विधवेचे भूत झोपेत पुरुषांना नेते अशी भीती पसरली, तेव्हा अनेक पुरुष स्त्री भासावे म्हणून नखे रंगवून झोपू लागले. बंगळूरच्या दारावरील दोन शब्द याच जातीचे आहेत. भुताशी लढण्याऐवजी पहाट होईपर्यंत त्याला फसवावे, असा हा उपाय आहे. निद्रापक्षाघातही काही मिनिटांत आपोआप ओसरत असल्याने वेळ काढण्याचा कोणताही उपाय ‘लागू पडला’ असेच वाटते.

श्रद्धेचा परिणाम

लोककथा निरुपद्रवी असतेच असे नाही. बलंद जलाल आणि डेव्हन हिंटन यांनी डेन्मार्क व इजिप्त येथील नागरिकांची तुलना केली. इजिप्तमध्ये हा अनुभव जिन्नशी जोडला जातो. तेथे त्याचे प्रमाण अधिक होते, जखडलेपणाचा कालावधी अधिक सांगितला गेला आणि मृत्यूची भीतीही अधिक होती. संशोधकांच्या मते येथे एक चक्र तयार होते. भुताची भीती वाटते म्हणून झोप सावध आणि तुटक होते. झोप तुटल्याने पुन्हा तोच अनुभव येतो. आणि त्यामुळे भुतावरील विश्वास दृढ होतो.

अमेरिकेत आश्रय घेतलेल्या लाओसमधील मोंग समाजाचे उदाहरण अधिक गंभीर आहे. १९७७ पासून या समाजातील निरोगी दिसणारे तरुण पुरुष झोपेतच दगावू लागले. १९८१ साली या मृत्यूंची संख्या सर्वाधिक होती. छातीवर बसणाऱ्या ‘दा चो’ या दुष्टात्म्याचे हे काम आहे, असे समाजात मानले गेले. पुढील संशोधनात अशा मृत्यूंचा संबंध हृदयाच्या ठोक्यांत बिघाड घडवणाऱ्या ‘ब्रुगाडा’ या आनुवंशिक विकाराशी जोडला गेला. निद्रापक्षाघात स्वतः प्राणघातक नाही. तथापि मुळात दुबळ्या असलेल्या हृदयावर तीव्र भयाचा ताण पडला असावा, कारण नव्या देशात या समाजाला आपले पारंपरिक संरक्षक विधी करता येत नव्हते, अशी मांडणी संशोधक शेली ॲडलर यांनी केली आहे.

रात्रीची भीती समूहात कशी पसरते, हे दिल्लीत मे २००१ मध्ये दिसून आले. ‘काळ्या माकडा’च्या अफवेने उन्हाळ्यात गच्चीवर झोपलेल्या लोकांमध्ये घबराट पसरली आणि पळापळीत पडून काहींचा जीव गेला. त्या मानाने ‘नाळे बा’ने बंगळूरला दिलेला उपाय सौम्य होता, खडूचा एक तुकडा आणि दोन शब्द एवढ्यावर लोकांना झोप येत असे.

खरा धोका निर्माण होतो तो ‘बाधा’ उतरवण्याच्या नावाखाली होणाऱ्या छळामुळे. महाराष्ट्रात २०१३ साली झालेल्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार भूत उतरवण्याच्या बहाण्याने एखाद्याला दोराने वा साखळीने बांधणे, मारहाण करणे, मिरचीची धुरी देणे हा गुन्हा आहे. कर्नाटकातही २०१७ साली अशाच स्वरूपाचा कायदा संमत झाला आणि जानेवारी २०२० पासून तो लागू झाला. प्रार्थनेने मन शांत होऊन झोप लागत असेल, तर त्यात अपाय नाही. परंतु आजारी माणसाला मांत्रिकाकडे नेऊन वैद्यकीय तपासणी लांबवणे घातक ठरू शकते.

बेंगळुरूची बदललेली रात्र

बेंगळुरूची रात्र १९९०च्या दशकानंतर बदलली. अमेरिका आणि युरोपच्या घड्याळाप्रमाणे चालणारी कार्यालये शहरात वाढली आणि हजारो तरुण रात्री काम करून दिवसा झोपू लागले. देशभरातून, महाराष्ट्रातूनही, शिक्षण व नोकरीसाठी आलेले तरुण भाड्याच्या खोल्यांत एकटे राहतात. अपुरी आणि खंडित झोप, पाळ्यांमधील सततचे बदल, मानसिक ताण आणि उताणे झोपणे ही निद्रापक्षाघाताला पोषक कारणे आहेत. काही कुटुंबांत तो आनुवंशिकही असतो.

याच शहरात मेंदू व मानसिक आरोग्याची राष्ट्रीय संस्था ‘निम्हान्स’ आहे. एकोणिसाव्या शतकातील मनोरुग्णालयापासून सुरू झालेल्या प्रवासात १९७४ साली या संस्थेला आजचे स्वरूप मिळाले. झोपेचा अभ्यास हे तेथील संशोधनाचे एक क्षेत्र आहे. झोपेच्या तपासणीत रुग्णाला रात्रभर निरीक्षणाखाली ठेवून मेंदूच्या लहरी, डोळ्यांच्या हालचाली, स्नायूंचा ताण, श्वास आणि हृदयाचे ठोके यांची नोंद केली जाते. मोठ्या शहरांतील अनेक रुग्णालयांत ही सोय उपलब्ध आहे.

काय करावे

क्वचित येणाऱ्या निद्रापक्षाघाताला औषधाची गरज नसते. झोपेची वेळ नियमित ठेवणे, पुरेशी झोप घेणे, कुशीवर झोपणे, निजण्यापूर्वी चहा-कॉफी व मद्य टाळणे यांमुळे त्याचे प्रमाण कमी होते. प्रत्यक्ष अनुभव चालू असताना सर्व शक्ती लावून हातपाय हलवण्याची धडपड केल्यास भय वाढते. त्याऐवजी ही रेम निद्रेची अवस्था असून ती संपणार आहे, याची स्वतःला आठवण करून द्यावी, श्वास आपोआप चालू द्यावा आणि एखाद्या प्रिय व्यक्तीवर किंवा प्रार्थनेवर लक्ष स्थिर करावे. बोट किंवा पायाचा अंगठा हलवण्याचा हलका प्रयत्न काहींना उपयोगी पडतो. ध्यान व शिथिलीकरणावर आधारित अशा पद्धतीचा २०२० साली दहा रुग्णांवर प्राथमिक अभ्यास झाला. उपचार घेतलेल्यांमध्ये हा अनुभव येणाऱ्या दिवसांची संख्या सुमारे निम्म्याने घटली. अभ्यास लहान असला, तरी त्याची दिशा आशादायक आहे.

काही परिस्थितींत मात्र डॉक्टरांचा सल्ला आवश्यक आहे. हा अनुभव वारंवार येत असेल, झोपेची भीती बसली असेल, दिवसा अनावर झोप येत असेल किंवा हसताना, रागावताना एकाएकी गुडघे लटके पडत असतील, तर ‘नार्कोलेप्सी’ या निद्राविकाराची शक्यता तपासावी लागते. झोपेत मोठ्याने घोरणे आणि श्वास थांबणे हे वेगळ्या विकाराचे लक्षण आहे. जागेपणी एका बाजूचा हात वा पाय लुळा पडणे, चेहरा वाकडा होणे किंवा बोलणे अडखळणे हा नेहमीचा पक्षाघात असून तेथे तत्काळ रुग्णालय गाठणे आवश्यक असते. कुटुंबात कोणी झोपेत बेशुद्ध होऊन अकस्मात मरण पावले असल्यास हृदयाची तपासणी करून घ्यावी.

मानसिक ताण व झोपेच्या तक्रारींसाठी केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ ही दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. तिचा क्रमांक १४४१६ असून मराठीसह अनेक भारतीय भाषांत तेथे सल्ला मिळतो. या सेवेच्या समन्वयाची जबाबदारी बेंगळुरूच्या निम्हान्सकडे आहे.

घरातील मुलाने किंवा तरुणाने रात्री छातीवर कोणी बसल्याचे सांगितले, तर त्याला खोटे ठरवू नये, अथवा बाधा झाल्याचेही सांगू नये. त्याला आलेला अनुभव खरा असतो आणि त्याचे कारण झोपेच्या यंत्रणेत असते. एवढी माहिती वेळेवर मिळाली, तर पुढच्या खेपेस भीतीची तीव्रता बरीच कमी होऊ शकते.